स्पिरिटवाले लांजेवार काकाजी

लग्न होऊन मी भिलाईला, वैशाली नगरात आले, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसाची गोष्ट. आहेरात आलेल्या स्टीलच्या डब्यांवरचे स्टिकर मी चमच्याने खरवडत बसले होते. स्टिकर निघत होते, पण मागचा चिकटा निघत नव्हता, आणि नव्या डब्यांवर ओरखडे मात्र उठत होते. तेवढ्यात फाटक वाजलं. एक उंच, वाळके गृहस्थ चपला दाराशी काढून सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. पांढरा हाफ शर्ट, हातात तपकिरी बाटली, खिशात कापसाची डबी.

"चमच्याचा आवाज भिंतीतून येऊन राहिला होता," ते म्हणाले. "आधी गॅस बंद कर, सूनबाई."

मी गॅस बंद केला. शेगडी थंड झाली की नाही ते त्यांनी वरून तळहात धरून पाहिलं, मग बाटलीचं बूच उघडलं. दवाखान्याचा वास घरभर पसरला. त्यांनी कापूस भिजवला, डब्यावरून दोनदा फिरवला आणि चिकटा जणू कधी नव्हताच. मी डबा हातात घेऊन फुंकर घालायला गेले, तर त्यांनी तो लगेच मागे ओढला.

"फुंकू नोको. तोंडातले जंतू कायले देतं त्याले? आपोआप वाळू दे. ओलं असते तोवर नुसता थंडावा हाय. वाळलं म्हणजे काम झालं."

अकरा डबे पुसून ते चहा न घेता निघून गेले. माझा नवरा प्रशांत ऑफिसातून आला आणि दारातच नाक वर करून म्हणाला, "लांजेवार काकाजी येऊन गेले वाटतं."

पुढे माझंही तेच झालं. काकाजी गल्लीत कुठल्या घरी आहेत हे विचारावं लागत नसे.

ते मूळचे भंडाऱ्याकडचे. इथल्या पोलाद कारखान्यातल्या फर्स्ट एड पोस्टवर त्यांनी ड्रेसर म्हणून उभी नोकरी केली होती. ड्रेसर म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा माणूस. कापलेली बोटं, भाजलेली मनगटं, डोळ्यांत गेलेले लोखंडाचे कण, हे सगळं डॉक्टरच्या आधी त्यांच्या समोर येई. रिटायर झाल्यावर लोकांनी स्कूटरवर फिरावं, देवळात बसावं, तसं त्यांना जमलं नाही. मेडिकलच्या दुकानातून स्पिरिटची बाटली आणायची आणि गल्लीतल्या वस्तू व माणसं पुसायची, हा त्यांचा दिनक्रम झाला.

शर्टाच्या खिशाला बॉलपेनची शाई लागली की बायका काकाजींना हाक मारत. चष्म्याच्या काचा, रिमोटमधल्या सेलच्या गंजलेल्या पट्ट्या, मुलींचे कान टोचायच्या आधी कानाच्या पाळ्या, पलंगाच्या सांध्यातले ढेकूण, सगळ्यांवर त्यांचा एकच उपाय. स्विचबोर्ड पुसायचा असेल तर मेन स्विच स्वतः बंद करत आणि तिथे एकाला पहाऱ्याला उभं करत. देवासमोर निरांजन तेवत असेल तर ते विझेपर्यंत बाटली उघडत नसत. एकदा माझ्या आईने नागपूरहून येऊन सत्यनारायण घातला, तेव्हा काकाजी प्रसादाला आले आणि बाटली बाहेर तुळशीपाशी ठेवून आले. प्रसाद घेऊन होईपर्यंत दर पाच मिनिटांनी खिडकीतून तिच्याकडे बघत होते.

त्या बाटलीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लाल शाईत लिहिलेलं असे, मराठीत आणि हिंदीत: पिण्याचे नाही. पीने का नहीं. खाली कवटी काढलेली. कवटी इतकी वाईट काढलेली असे की ती हसते आहे असं वाटे. त्यांच्या एका चुलतभावाने गावाकडे सुतारकाम करता करता पॉलिशचं स्पिरिट पिऊन दोन्ही डोळे घालवले होते. तेव्हापासून काकाजी दारूच्या थेंबाला शिवले नव्हते. लग्नात कुणी ग्लास घेऊन मांडवामागे गेला तर ते उठून वऱ्हाडाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसत.

असा हा माणूस सबंध वैशाली नगरात पिणारा म्हणून ओळखला जाई.

याची सुरुवात एका टीपॉयने झाली. आमच्या समोरच खरवडे साहेब राहत. कारखान्यातून मोठे अधिकारी म्हणून रिटायर झालेले, मराठी मंडळाचे अध्यक्ष, शुद्ध आणि सावकाश बोलणारे. त्यांच्याकडे सागवानी टीपॉय होता, हाताने पॉलिश केलेला. त्यावर चहाच्या कपाचा पांढरा गोल डाग पडला. खरवडे काकूंनी साध्या मनाने काकाजींना हाक मारली. काकाजींनी कापूस फिरवला आणि डागासकट पॉलिशही निघून आलं. डाग होता बशीएवढा, तो झाला ताटाएवढा.

काकाजींना स्वतःलाच फार वाईट वाटलं. "पॉलिश स्पिरिटमंदीच घोटतात, हे मले ठाऊक होतं," ते खरवडे साहेबांना म्हणाले. "तरी हात गेला. माही चूक हाय."

खरवडे साहेब नुसतं म्हणाले, "ठीक आहे, लांजेवार." पण त्या दिवसापासून त्यांना काकाजींच्या अंगाला येणारा वास वेगळ्या कारणाने येऊ लागला.

मंडळाने व्यसनमुक्तीचा कार्यक्रम ठेवला होता. काकाजी कुणाच्या तरी नातीचे कान टोचण्याआधी पाळ्या पुसण्याचं काम उरकून तसेच आले आणि पहिल्या रांगेत बसले. खरवडे साहेबांचं भाषण चाललं होतं. मध्येच ते थांबले, खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि म्हणाले, "दुर्दैव असं, की काही मंडळी अशा कार्यक्रमालाही त्याच अवस्थेत येतात."

सगळ्या माना वळल्या. काकाजींचीही वळली. असा कोण आला आहे हे बघायला ते मागे वळून बघत राहिले.

त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि पुढे कळलं तेव्हा त्यांनीही कुणाला काही सांगितलं नाही. एकदा मीच म्हटलं, "काकाजी, लोक काय बोलतात माहीत आहे ना? सांगून टाका ना एकदा."

"काय सांगू? मी पेत नाही, असं? पेणारा बी तेच सांगते."

 

इथवर हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण काकाजींना एकच मुलगी, संगीता. शाळेत शिकवायची, हुशार, नाकीडोळी नीटस. तिच्यासाठी जामुलचं एक स्थळ आलं. मुलगा सिमेंट कारखान्यात नोकरीला, घरचे लोक बरे. बघणं झालं, पसंती झाली. रिवाजाप्रमाणे मुलाचे वडील गल्लीत चौकशीला आले आणि चौकशी करायची ती प्रतिष्ठित माणसाकडे, म्हणून खरवडे साहेबांकडे गेले. त्या वेळी प्रशांत मंडळाच्या कसल्याशा कागदांवर सही घ्यायला तिथेच बसलेला होता.

खरवडे साहेब म्हणाले, "मुलगी म्हणाल तर लाखात एक आहे. वडिलांबद्दल मात्र मी तोंड उघडणार नाही."

मुलाच्या वडिलांनी प्रशांतकडे पाहिलं. प्रशांतने कागदांकडे पाहिलं.

घरी येऊन त्याने मला हे सांगितलं तेव्हा मी त्याला खूप बोलले. पण मग मीही उठून जामुलला गेले नाही, किंवा त्या लोकांना फोन केला नाही. मोठ्या माणसाच्या शब्दाच्या आड कसं यायचं, असं आम्ही दोघांनी एकमेकांना समजावलं, आणि ते आम्हाला चटकन पटलं. आठ दिवसांनी जामुलहून निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

संगीताचं लग्न पुढे दोन वर्षांनी राजनांदगावच्या मुलाशी झालं. जावई चांगला निघाला, जुनवानीत त्यांनी घर केलं. त्यामुळे तसं पाहिलं तर नुकसान काहीच झालं नाही, असं खरवडे साहेबांनाही वाटत असावं, कारण लग्नात ते पहिल्या पंगतीला होते. पण जामुलच्या स्थळाचं काय झालं ते संगीताला कुठून तरी कळलं होतं. ती खरवड्यांच्या घरावरून जाताना मान वळवून जायची.

त्यानंतर साधारण वर्षभरात खरवडे साहेबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांच्या तोंडून नुसता 'आ' असा आवाज निघे. बाकी सगळं त्यांना समजत होतं. मुलगा बंगळुरूला. तो आला, पंधरा दिवस राहिला, एक माणूस लावून गेला. तो माणूस आठवड्यात पळाला.

खरवडे काकू आमच्याकडे आल्या. त्यांना माझ्याकडून काहीच नको होतं, मी त्यांच्याबरोबर शेजारच्या, काकाजींच्या दारापर्यंत यावं एवढंच हवं होतं. एकट्याने जायचा त्यांना धीर होत नव्हता. योगायोगाने त्या दिवशी संगीता माहेरी आलेली होती. काकू दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊजी, यांची पाठ लाल व्हायला लागलीये. कमरेखाली तर चामडी सोलल्यासारखी दिसते. मला एकटीला त्यांना उलथता येत नाही."

काकाजींनी 'बसा' म्हटलं नाही, की काही विचारलं नाही. आत जाऊन बाटली, कापूस, पावडरचा डबा आणि जुनी धुतलेली चादर पिशवीत घातली. संगीता दारात आडवी आली.

"बाबा, कावून जाता तुमी तिथं? विसरले का सगळं?"

"इसरलो नाही."

"मंग?"

"जे केलं ते त्याईनं तोंडानं केलं," काकाजी म्हणाले. "पाठीचा काय गुन्हा हाय?"

ती बाजूला झाली. खरवडे काकू जमिनीकडे बघत होत्या. सगळं त्यांच्या कानावर पडलं होतं.

त्या दिवसापासून काकाजी सकाळी सात वाजता समोरच्या घरी जायचे. साहेबांना कुशीवर वळवायचे, पाठ कोमट पाण्याने पुसायची, कोरडी करायची, मग तळहातावर स्पिरिट घेऊन हलक्या हाताने चोळायचं, वाळू द्यायचं, पावडर टाकायची, चादरीची एकही सुरकुती राहू द्यायची नाही. कधी मी खिचडी घेऊन जाई तेव्हा हे सगळं बघे. काकाजी काम करताना बोलत नसत. फक्त शेवटी म्हणत, "झालं साहेब." साहेब भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. पहिले काही दिवस काकाजींची चाहूल लागली की ते डोळे मिटून घेत.

महिनाभराने मंडळाचे लोक बघायला आले. त्यात कार्यवाह गुल्हाने होते, साहेबांचे अगदी जवळचे. काकाजींचं काम नुकतंच झालं होतं आणि ते मोरीत हात धूत होते. मी काकूंसोबत चहा गाळत होते. गुल्हाने खोलीत आले, थांबले, हवा हुंगली, आणि प्रशांतच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अशा हालतमंदी बी साहेबाची सुटली नाही का?"

पलंगावर साहेबांचे डोळे उघडे होते. त्यांनी 'आ' केलं, पुन्हा 'आ' केलं, चेहरा लाल झाला. त्यांना काय म्हणायचं होतं ते खोलीत सगळ्यांना कळत होतं, आणि ते म्हणण्याचं साधन त्यांच्याकडे नव्हतं.

काकाजी मोरीतून टॉवेलला हात पुसत बाहेर आले. त्यांना नुसतं हात पुसत राहता आलं असतं. तोंड न उघडणं किती सोपं असतं, ते आम्ही सगळे जाणून होतो.

"साहेबाचा नोहे," ते म्हणाले. "वास माहा हाय. मी रोज घेऊन येतो."

गुल्हान्यांनी समजूतदारपणे मान हलवली. चहा पिऊन झाल्यावर फाटकाबाहेर ते प्रशांतला म्हणाले, "पाह्यलं? सोताच कबूल झाला."

या वेळी प्रशांत गप्प बसला नाही. "अहो गुल्हाने, ते स्पिरिट आहे, स्पिरिट. पाठीला चोळायचं."

"तेच तर मी म्हणून राहिलो," गुल्हाने म्हणाले. "आता साधी भागत नसन, म्हणून स्पिरिटवर आला."

त्या दिवशी काकाजी घरी गेल्यावरही साहेब कितीतरी वेळ दाराकडे बघत पडले होते, असं काकूंनी मला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डोळे मिटणं सोडलं. कुशीवर वळवताना डाव्या हाताने ते पलंगाचा कठडा धरून थोडा जोर लावू लागले. माफीचं म्हणाल तर तेवढंच झालं. त्याहून जास्त त्यांना करता येत नव्हतं, आणि करता आलं असतं तर त्यांनी केलं असतं का, हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

मग एक फिजिओथेरपीवाली मुलगी येऊ लागली. दुर्गची, तरतरीत, हिंदी बोलणारी. पहिल्याच दिवशी तिने बाटली पाहिली आणि म्हणाली, "अंकल, ये पीठ पर लगाते हैं क्या? अब ये नहीं लगाते. इससे चमड़ी सूखकर फटती है. बस हर दो घंटे में करवट बदलवाइए."

काकाजी हातातला कापूस तसाच धरून उभे राहिले. "कब से नहीं लगाते?"

"बहुत साल हो गए अंकल."

"हमको तो यही सिखाया था," काकाजी म्हणाले. "बहुत लोगों को लगाया हमने."

ती पोर ओशाळली. "उस टाइम सब यही करते थे, अंकल," ती म्हणाली.

मला वाटलं, आता वाद होईल. ज्या माणसाने आयुष्यभर एका बाटलीवर भरवसा ठेवला, त्याला पंचवीस वर्षांची पोर काय शिकवणार. पण काकाजींनी कापूस डबीत ठेवला, बूच घट्ट लावलं आणि तिला विचारलं की कूस किती अंशांनी वळवायची, उशी कुठे द्यायची, टाचेखाली काय ठेवायचं. सगळं त्यांनी एका कागदावर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते रिकाम्या हाताने आले. आणि सकाळी सातला एकदा येण्याऐवजी सात, नऊ, अकरा, एक, असे दर दोन तासांनी संध्याकाळपर्यंत येऊ लागले. रात्रीचं काकू बघत. त्यासाठी काकाजींनी त्यांना उशीच्या आधाराने एकटीने कूस कशी बदलायची ते शिकवलं.

त्या दिवसांत एकदा ते आमच्या ओट्यावर बसलेले मला दिसले. अंगाला कसलाच वास नव्हता, त्यामुळे मी जवळ जाईपर्यंत मला ते आहेत हे कळलं नाही.

"सूनबाई," ते म्हणाले, "कित्तेक लोकाईची चामडी म्या वाळवली असन. आनं ते मले थँक यू म्हणून गेले."

मी म्हटलं, "तेव्हा तसंच शिकवत होते ना काकाजी."

"हो, तसंच शिकवत," ते म्हणाले, आणि घड्याळ बघून समोरच्या घरी गेले. तीन वाजले होते.

खरवडे साहेब आठ महिने अंथरुणावर होते. एका दुपारी दुसरा झटका आला आणि ते गेले. शेवटची अंघोळ घालायला पुरुषमंडळी जमली तेव्हा काकाजी पुढे होते. प्रशांतने मला नंतर सांगितलं, की पाणी ओतून झाल्यावर काकाजींनी साहेबांना शेवटचं कुशीवर वळवलं, मानेपासून कमरेखालपर्यंत नीट पाहिलं, हात फिरवला, आणि मग पुन्हा उताणं केलं.

काकूंना मुलगा बंगळुरूला घेऊन गेला. काकाजीही पुढच्या वर्षी जुनवानीला संगीताकडे राहायला गेले आणि तिथे थोड्या दिवसांच्या आजारात वारले. आम्ही तेव्हा नागपूरला आईकडे गेलो होतो, मला त्यांचं अंत्यदर्शन झालं नाही. त्यानंतर काही महिन्यांनी कोरोना आला. वैशाली नगरातल्या प्रत्येक खिशात बाटली, प्रत्येक हाताला तोच वास. गुल्हाने मंडळाच्या दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तळहातावर सॅनिटायझर टाकत होते आणि सांगत होते की पुसू नका, वाळू द्या. काकाजी असते तर खूश झाले असते असं मला वाटतं. कदाचित ते म्हणाले असते, थेंब जास्त पडून राहिला.

मला ते शेवटचे आठवतात ते खरवडे साहेबांच्या शोकसभेतले. खरं म्हणजे त्यानंतरही ते वर्षभर शेजारी होते, रोज दिसत होते, पण डोळ्यांपुढे येतात ते तिथलेच. मंडळाचा हॉल भरलेला होता. एकेक जण उठून बोलत होता. साहेबांची शिस्त, साहेबांची स्पष्टवक्तेपणाची सवय, साहेबांचा व्यसनांबद्दलचा तिटकारा. काकाजी शेवटच्या रांगेत, भिंतीला लागून बसले होते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर, वेळ उरला म्हणून असेल, गुल्हाने म्हणाले, "शेजारी म्हणून लांजेवार दोन शब्द बोलतीन."

काकाजी उभे राहिले. त्यांना बोलायची सवय नव्हती. हात कुठे ठेवावे हे न कळून त्यांनी ते पाठीमागे बांधले.

"साहेब आठ महिने पडून होते," ते म्हणाले. "त्याईच्या पाठीले एक बी जखम नव्हती."

आणि ते बसले.

हॉलमध्ये कुजबुज झाली. मधल्या रांगेत कुणी तरी खुदकन हसलंसुद्धा. इतक्या मोठ्या माणसाबद्दल बोलायचं तर पाठीबद्दल काय बोलायचं. गुल्हाने घाईने पुढे झाले आणि दोन मिनिटं शांततेसाठी उभं राहण्याची विनंती करू लागले.

तेव्हा पहिल्या रांगेतून खरवडे काकू उठल्या. अख्ख्या सभेत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या, रडल्याही नव्हत्या. लोकांकडे वळून त्या म्हणाल्या, "दर दोन तासांनी येत होते. एक दिवस चुकले नाहीत. आणि भाऊजींबद्दल आमच्या घरातून जे बोललं गेलं ते खोटं होतं, हेही मी आज इथे सांगते."

सगळे माना वळवून शेवटच्या रांगेकडे बघू लागले. खुर्ची रिकामी होती. काकाजी बाहेर दारापाशी चपलांच्या ढिगात वाकून आपली दुसरी चप्पल शोधत होते. ती सापडल्यावर त्यांनी ती झटकून पायात घातली आणि ते घराकडे चालू लागले. काकूंचं बोलणं त्यांना ऐकू गेलं होतं की नाही, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.